संगणक मंदावतो तेव्हा : मेमरी वाढवण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास हलके धान बाजारात येऊ लागले की गोंदिया, आमगाव, तिरोडा, गोरेगाव येथील पेढ्यांवरील कामाला उसंत राहत नाही. काटापट्टी, बिले, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेच्या नोंदी हे सारे एकाच संगणकावर येऊन पडते. आणि सायंकाळी तोच संगणक घरी मुलांच्या अभ्यासासाठी हवा असतो. नेमक्या याच दिवसांत तो मंदावतो. एक खातेवही उघडायला मिनिट जाते, टंकलेली अक्षरे पडद्यावर उशिरा उमटतात आणि मार्चअखेर जवळ येईपर्यंत घरातील सर्वांचे एकमत झालेले असते : मेमरी कमी पडते आहे, ती वाढवावी, अथवा यंत्रच नवे घ्यावे.

हा निष्कर्ष कधी बरोबर असतो. पण पुष्कळदा मेमरी पुरेशी असते आणि तिची मांडणी चुकलेली असते. अशा वेळी खर्च होतो, यंत्र उघडले जाते, नवी रॅम बसते आणि मंदपणा तसाच राहतो. क्वचित तो वाढतोदेखील. मेमरी वाढवल्यावर संगणक अधिक हळू चालावा, हे ऐकायला विपरीत वाटते; परंतु संगणकाच्या इतिहासात हे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. त्यामागील कारण समजून घेतले, तर पैसे कोठे घालावेत आणि कोठे घालू नयेत याचा निर्णय सामान्य कुटुंबालाही करता येतो.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला हे कारण समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. धानाच्या शेतीला पाणी तीन ठिकाणांहून मिळते. बांधीच्या वरच्या कोपऱ्यात शेतकऱ्याने स्वतः खोदलेली बोडी असते; ती लहान, पण हाताशी. गावाच्या वर माजी मालगुजारी तलाव असतो, ज्याला लोक मामा तलाव म्हणतात; तो मोठा, पण त्याचे पाणी पाटाने यावे लागते. आणि त्याहून दूर इटियाडोहासारखे धरण असते. त्यात पाणी विपुल, पण ते शेतापर्यंत पोहोचायला कालव्याची पाळी यावी लागते. रोवणीनंतर पावसाने ओढ दिली, तर पहिला आधार बोडीचा असतो. बोडीत धरणाइतके पाणी नसते म्हणून तिला कोणी निरुपयोगी म्हणत नाही. वेळेवर मिळालेले थोडे पाणी उशिरा मिळालेल्या पुष्कळ पाण्याहून मोलाचे, हे धानकऱ्याला शिकवावे लागत नाही.

संगणकाची रचना याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्यक्ष आकडेमोड करणारा प्रोसेसर हे शेत. त्याच्या अंगातच असलेली अतिशय लहान आणि अतिशय चपळ मेमरी ही बोडी. तिला कॅशे मेमरी म्हणतात. रॅम हा गावचा तलाव. हार्ड डिस्क हे धरण. प्रोसेसरला एखादी माहिती हवी असली की तो आधी कॅशेत पाहतो, तेथे नसेल तर रॅममध्ये आणि तेथेही नसेल तर ती डिस्कवरून मागवावी लागते.

या तीन ठिकाणांमधील अंतर किती आहे, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशेतून माहिती मिळायला साधारण १ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग लागतो. रॅममधून तीच माहिती यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून ती आणायला सुमारे १० मिलिसेकंद जातात. हे आकडे माणसाच्या मापात बसवून पाहावेत. कॅशेतून माहिती मिळायला १ सेकंद लागतो असे मानले, तर रॅममधून ती यायला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागेल. आणि हार्ड डिस्कवरून यायला सुमारे ११६ दिवस लागतील. धानाचे एक पीक पेरणीपासून कापणीपर्यंत यायला जवळजवळ तेवढाच काळ लागतो. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असेल, तर हाच काळ एका दिवसाच्या थोडा पुढे जातो. संगणक मंद झाला याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की बोडीतून मिळणारे पाणी काही कारणाने धरणातून मागवावे लागत आहे.

बोडी लहान असूनही पुरते, याचे कारण कामाच्या स्वभावात आहे. पेढीवर शेकडो खाती असली, तरी एका दिवसात हात त्यांतील मोजक्याच खात्यांना लागतो. संगणकाचेही तसेच आहे. तो त्याच त्या सूचना आणि तीच ती माहिती पुन्हा पुन्हा वापरतो. केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका छोट्या लेखात ही कल्पना मांडली : मोठ्या, मंद मेमरीच्या पुढे एक लहान, वेगवान मेमरी ठेवावी आणि नुकतीच वापरलेली माहिती तिच्यात आपोआप साठत जावी. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात ती व्यापारी स्वरूपात प्रथम अवतरली. तेथूनच ‘कॅशे’ हा शब्द रूढ झाला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणे असा आहे. वापरणाऱ्याच्या नजरेआड राहून काम करणारी म्हणून ती कॅशे. पेढीवरील ‘कॅश’शी या शब्दाचा संबंध नाही, यद्यपि गल्ल्यातील सुटी रक्कम आणि बँकेतील ठेव यांच्यातील भेदही येथे तितकाच चपखल बसतो.

बोडीचे महत्त्व किती, याचा एक बोलका दाखला १९९८ चा आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंटेल कंपनीने किंमत कमी ठेवण्यासाठी सेलेरॉन नावाचा प्रोसेसर आणला आणि त्यातून दुय्यम कॅशे पूर्णपणे काढून टाकली. घड्याळाचा वेग महागड्या पेंटियम २ इतकाच होता, तरी कार्यालयीन कामात हे यंत्र स्पष्टपणे मागे पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने सेलेरॉनची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात अवघी १२८ किलोबाइट कॅशे प्रोसेसरच्या चिपवरच बसवली होती. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एक साधे छायाचित्रही याहून अधिक जागा घेते. पण तेवढ्याने स्वस्त सेलेरॉन महागड्या भावंडाच्या जवळपास येऊन बसला.

आता मुख्य प्रश्नाकडे. मेमरी वाढवल्यावर संगणक मंद कसा होतो?

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या आगेमागे देशभर कार्यालयांत आणि दुकानांत जी पेंटियम यंत्रे होती, त्यांपैकी अनेकांच्या मदरबोर्डवर इंटेलचा ४३०टीएक्स हा चिपसंच असे. तो १९९७ चा. त्यात एक मर्यादा होती, जी विकत घेणाऱ्याला क्वचितच सांगितली जाई. यंत्रात ६४ एमबीहून अधिक रॅम बसवता येत होती, पण कॅशेचा लाभ पहिल्या ६४ एमबीलाच मिळत असे. कॅशेमध्ये साठवलेला प्रत्येक तुकडा मूळ मेमरीत कोठला आहे, याची नोंद ठेवणारी एक वेगळी वही असते; या चिपसंचात ती वही ६४ एमबीपुरतीच लिहिता येत होती. त्यापलीकडील मेमरी म्हणजे बोडीचे पाणी न पोहोचणारी बांधी.

हौसेने ६४ च्या जागी १२८ एमबी केलेल्या माणसाच्या पदरी यामुळे काय पडले? त्या काळची विंडोज ९५ आणि ९८ ही प्रणाली मेमरी साधारणतः वरच्या टोकाकडून वापरायला घेत असे. म्हणजे प्रणालीचा स्वतःचा सर्वांत व्यग्र भाग नेमका कॅशेविना असलेल्या प्रदेशात जाऊन बसे. दर क्षणाला लागणारी माहिती दर क्षणाला तलावातून आणावी लागे. दुप्पट मेमरीचे यंत्र आधीपेक्षा हळू चाले. जाणकार दुरुस्तीकार अशा वेळी नवी रॅम काढून ठेवीत, आणि यंत्र पूर्ववत धावू लागे. ज्यांच्या कामाला खरोखरच ६४ एमबीहून अधिक लागत होते, त्यांना मात्र कॅशेविना असलेली रॅमही डिस्कपेक्षा शतपटींनी बरी होती. म्हणून उत्तर सर्वांना एकच नव्हते. ते कामाकडे पाहून ठरत होते.

पुढे रॅम स्वस्त झाली आणि दुसरी अडचण उभी राहिली. विंडोज ९८ मध्ये डिस्कवरील फायलींसाठी रॅममध्ये एक राखीव साठा ठेवण्याची सोय होती. यंत्रात ५१२ एमबीहून अधिक रॅम असली, की हा साठा स्वतःसाठी इतकी मोठी जागा मागे, की इतर कामांना पत्तेच उरत नसत. पडद्यावर संदेश येई : मेमरी अपुरी आहे. मेमरी वाढवल्यामुळे मेमरी अपुरी पडल्याचा हा संदेश होता. उपाय एका ओळीचा होता. ‘सिस्टिम.आयएनआय’ या फायलीत त्या साठ्याची कमाल मर्यादा लिहून द्यायची. मायक्रोसॉफ्टने स्वतः हा उपाय प्रसिद्ध केला होता. पैसा न लागता, केवळ साठ्याला मर्यादा घातल्याने यंत्र सुरळीत होत असे.

तिसरा प्रसंग अधिक सूक्ष्म आहे आणि तो बराच अलीकडचा. १९९५ च्या पेंटियम प्रो पासून प्रोसेसरमध्ये काही विशेष नोंदस्थाने आली. मेमरीचा कोणता पट्टा कॅशेत घ्यावा आणि कोणता घेऊ नये, हे त्यांत लिहिलेले असते. संगणक सुरू होताना बायॉस नावाची आरंभीची प्रणाली ती भरते. पडद्याशी अथवा अन्य उपकरणांशी बोलण्यासाठी राखलेले पत्ते कॅशेत घेऊन चालत नाहीत. म्हणून हा भेद करावा लागतो. ४ जीबी रॅम घरोघरी येऊ लागली, तेव्हा काही मदरबोर्डांच्या बायॉसने या नोंदी अपुऱ्या भरल्या. शेवटचा काही पट्टा कॅशेविना राहून गेला. लिनक्स वापरणाऱ्यांच्या हे विशेष लक्षात आले : चार जीबी बसवताच उत्तम यंत्र गोगलगायीसारखे चालू लागे आणि रॅम कमी करताच सुधारे.

या दोषावर लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये जी तरतूद झाली, ती विचार करण्याजोगी आहे. यंत्र सुरू होताना गाभा या नोंदी तपासतो. मेमरीचा एखादा पट्टा कॅशेच्या कक्षेबाहेर राहिलेला आढळला, तर तो पट्टा वापरायचाच नाही असे ठरवतो आणि तशी सूचना नोंदवून ठेवतो. काही मेमरी सोडून देणे आणि उरलेली नीट वापरणे हे सगळी मेमरी धरून ठेवून यंत्र रखडवण्यापेक्षा श्रेयस्कर, असा तो निर्णय होता. मागाहून नोंदी नव्याने मांडून तो पट्टा परत मिळवण्याचीही सोय झाली. आणि मदरबोर्डाच्या उत्पादकाने बायॉसची सुधारित आवृत्ती दिली असेल, तर ती बसवणे हा खरा उपाय होता.

या तिन्ही उदाहरणांत मेमरी भरपूर होती. उणीव होती ती पाण्याला शेतापर्यंत नेणाऱ्या पाटाची. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आल्यावर तलाव शासनाकडे आले. पुढे अनेक तलाव गाळाने भरले, अनेकांचे पाट मोडले. पाट मोडलेल्या तलावाची पाळ उंच करून खालच्या बांधीला पाणी मिळत नाही, हे या जिल्ह्यात कोणालाही पटेल. संगणकाच्या दुकानात मात्र तेच पटवून घेणे अवघड जाते.

आजच्या घरगुती संगणकात वरील दोष त्याच रूपात आढळणार नाहीत. त्यांची नवी रूपे मात्र आढळतात, आणि ती तपासण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. एमएस-सीआयटी केलेल्या घरातील कोणत्याही मुलाला अथवा सुनेला अर्ध्या तासात ही पाहणी करता येते. पाळण्याचा नियम एकच : एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहून ठेवावा आणि परिणाम दिसला नाही तर मागे घ्यावा. एकाच बैठकीत पाच गोष्टी बदलल्या, तर कशाने गुण आला आणि कशाने बिघडले, हे कधीच कळत नाही.

पहिली पाहणी ‘टास्क मॅनेजर’ची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘मेमरी’ निवडावी. पेढीचे काम नेहमीसारखे चालू असताना, म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि छपाई सुरू असताना हे पाहावे. रिकाम्या यंत्राचे आकडे उपयोगाचे नसतात. येथे ‘इन यूज’ म्हणजे वापरात असलेली, ‘अव्हेलेबल’ म्हणजे देता येण्याजोगी आणि ‘कॅश्ड’ म्हणजे पूर्वी वाचलेली माहिती हाताशी ठेवण्यासाठी वापरलेली मेमरी दिसते.

याच ठिकाणी सर्वांत मोठा गैरसमज होतो. ‘कॅश्ड’चा आकडा मोठा पाहून लोक घाबरतात आणि मेमरी ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअरे बसवतात. वस्तुतः हा आकडा मोठा असणे हे प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण आहे. मोकळ्या रॅमचा संगणकाला काही उपयोग नसतो. म्हणून प्रणाली तिच्यात डिस्कवरील नेहमीच्या फायली भरून ठेवते. दुसऱ्या कामाला जागा लागली, की ती तत्काळ रिकामी करून देते. म्हणूनच ‘अव्हेलेबल’ या आकड्यात तिचाही समावेश असतो. साफ करणारे सॉफ्टवेअर हा भरलेला साठा ओतून देते आणि तीच माहिती पुन्हा डिस्कवरून आणायला लावते. भर श्रावणात बोडी उपसून टाकण्यासारखेच ते आहे. भ्रमणध्वनीवर दर तासाला ‘कॅशे साफ करा’ हे बटण दाबणाऱ्यांनाही हेच लागू पडते. ब्राउझरचा साठा रोज पुसला, तर प्रत्येक संकेतस्थळाची चित्रे रोज नव्याने उतरवावी लागतात. एखादे पान चुकीचे दिसत असेल अथवा जागा खरोखर संपली असेल, तेव्हाच तो पुसावा.

दुसरी पाहणी बसवलेल्या आणि वापरात येणाऱ्या मेमरीच्या फरकाची. त्याच पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असा आकडा असतो. तो थोडा असणे स्वाभाविक आहे. परंतु ८ जीबीच्या यंत्रात तो कित्येक जीबी दिसत असेल, तर कोठेतरी मर्यादा घातली गेली आहे. एक नेहमीचे कारण म्हणजे ‘एमएस-कॉन्फिग’मधील ‘बूट’ या भागातील प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’समोर झालेली खूण. वेग वाढेल अशा समजुतीने पुष्कळजण ती करतात. प्रत्यक्षात तिने मेमरी मर्यादित होते. ती खूण काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. ३२ बिटची विंडोज असेल, तर ४ जीबीपलीकडील रॅम घरगुती आवृत्तीत वापरलीच जात नाही. अशा यंत्रात अधिक रॅम घालणे हा शुद्ध अपव्यय ठरतो.

तिसरी पाहणी पेजिंग फाइलची. रॅम भरली की प्रणाली कमी लागणारी माहिती डिस्कवरील एका राखीव फायलीत नेऊन ठेवते. काही उत्साही सल्लागार ही फाइल बंद करायला अथवा तिचा आकार अगदी लहान ठेवायला सांगतात. सामान्य घरासाठी तो आकार प्रणालीला स्वतः ठरवू द्यावा, हेच योग्य. मात्र काम चालू असताना वापरातील मेमरी सतत काठोकाठ असेल, ‘अव्हेलेबल’ जवळजवळ शून्यावर येत असेल आणि डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असेल, तर यंत्र रॅम आणि डिस्क यांच्यात माहितीची ने-आण करण्यातच दमून चालले आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचे शास्त्रीय विवेचन केले. यंत्र अविरत श्रमत असते, पण काम पुढे सरकत नाही. येथे आणि येथेच रॅम वाढवणे हा खरा उपाय आहे. त्याआधी ब्राउझरच्या चाळीस उघड्या पानांपैकी पस्तीस बंद करून पाहावीत. तो उपाय विनामूल्य आहे.

चौथी पाहणी डिस्कची. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी निवांत आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के दिसत असेल, तर रॅमचा दोष नाही. विंडोजमधील ‘सिसमेन’ ही सेवा, जिचे पूर्वीचे नाव ‘सुपरफेच’ होते, नेहमीची सॉफ्टवेअरे आधीच रॅममध्ये आणून ठेवते. जुन्या फिरत्या डिस्कच्या यंत्रात सकाळी सुरू केल्यावर काही मिनिटे तिच्यामुळे रखडल्यासारखे होते. बहुधा थोडे थांबल्यास ते आपोआप निवळते. तासाभरानेही निवळत नसेल, तर ती सेवा दोन दिवस थांबवून पाहावी आणि फरक न पडल्यास पुन्हा सुरू करावी. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा मात्र अशा यंत्रांसाठी बहुतेक वेळा नव्या संगणकापेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

पाचवी पाहणी जाणत्याच्या देखत करावी. संगणक अवघाच मंद असेल, अगदी साधे कॅल्क्युलेटरही अडखळत उघडत असेल, आणि हे रॅम बदलल्यावर अथवा बायॉसची बॅटरी संपल्यावर सुरू झाले असेल, तर बायॉसमधील मांडणीकडे संशय जातो. जुन्या यंत्रांच्या बायॉसमध्ये अंतर्गत आणि बाह्य कॅशे चालू अथवा बंद ठेवण्याचे पर्याय असत. ते चुकून बंद राहिले, की यंत्र दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे वागे. नव्या यंत्रांत असा पर्याय सहसा नसतो. बायॉसमधील मूळ मांडणी परत आणणे आणि उत्पादकाची सुधारित आवृत्ती आहे का ते पाहणे, एवढे बहुधा पुरते. मूळ मांडणी परत आणताना आधीच्या पडद्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. बायॉसची आवृत्ती बदलताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून ते काम यूपीएसशिवाय करू नये.

विजेचा विषय निघाला, म्हणजे कॅशेच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहायला हवे. येथवर माहिती वाचण्याचा विचार झाला. लिहितानाही संगणक असाच साठा वापरतो. ‘सेव्ह’ म्हटल्यावर माहिती लगेच डिस्कवर पोहोचतेच असे नाही. वेग मिळावा म्हणून ती क्षणभर मेमरीत थांबते आणि मग एकगठ्ठा लिहिली जाते. त्या क्षणात वीज गेली, तर पडद्यावर जतन झालेली दिसणारी नोंद प्रत्यक्षात अर्धवट राहते. विंडोजमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत लेखन-साठ्याविषयीचे पर्याय असतात. त्यांपैकी साठा वेळोवेळी रिकामा करण्याची प्रक्रिया बंद करणारा पर्याय वेग वाढवण्यासाठी म्हणून सुचवला जातो. ज्या यंत्राला भरवशाचा यूपीएस नाही, त्यावर त्या पर्यायाला हात लावू नये. वादळात वीज जाणे ज्या गावांत नित्याचे आहे, तेथे काही क्षणांचा वेग मिळवण्यासाठी वर्षभराचे हिशेब पणाला लावण्यात शहाणपण नाही.

पेन ड्राइव्हचेही तेच. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाह्य साधनांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत मूळ मांडणी म्हणून ठेवली गेली. तीत लेखन-साठा वापरला जात नाही, म्हणून काढून घेणे तुलनेने सुरक्षित. पण मोठ्या फायली उतरवताना वेळ लागतो. एखाद्याने ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडले, तर वेग वाढतो. मात्र साधन काढण्यापूर्वी ‘सेफली रिमूव्ह’ करणे अनिवार्य होते. हिशेबाचा बॅकअप घेण्याच्या पेन ड्राइव्हवर मंद पद्धतच असू द्यावी. सनदी लेखापालांकडे निघण्याच्या घाईत ओढून काढलेल्या पेन ड्राइव्हमध्ये अर्धाच बॅकअप निघाला, तर वाचवलेल्या दोन मिनिटांची किंमत फार मोठी पडते.

ही सारी पाहणी झाल्यावरही मंदपणा राहिला, तर खर्चाचा विचार अवश्य करावा. तेव्हा दुकानात जाताना हातात वही असावी. काम चालू असताना किती मेमरी वापरात होती, किती मोकळी होती, डिस्क किती व्यग्र होती, विंडोज ३२ बिटची की ६४ बिटची, मदरबोर्ड कमाल किती रॅम घेतो, हे पाच आकडे तीत असावेत. ‘संगणक हळू चालतो’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला दुकानदार जे शिलकीत असेल ते देतो. पाच आकडे सांगणाऱ्याला त्याच्या गरजेचे मिळण्याचा संभव अधिक. आणि रॅम बसवून झाल्यावर तेच काम त्याच क्रमाने पुन्हा करून घड्याळ पाहावे. खातेवही उघडायला आधी किती सेकंद लागत होते आणि आता किती लागतात, याची नोंद त्याच पानावर करावी. सेकंद कमी झाले नसतील, तर रॅम परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच ते कळलेले बरे.